उधन्याचा धडा

मडगावला गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर वापी, वलसाड, नवसारी मागे पडल्यावर आणि सुरत यायच्या जरा आधी एक स्थानक लागते. त्याचे नाव उधना. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेही नसेल. आमच्या गावातला माणूस बोटीवर गेला, मुंबईला गेला, आखाती देशांत गेला. पण उधन्याला पोट भरायला गेलेला गोवेकर विरळाच. मग नांगर धरणाऱ्या आणि रापण ओढणाऱ्या आपल्या वाचकांपुढे या साप्ताहिकाने उधन्याची गोष्ट का मांडावी? कारण धर्म, भाषा आणि पक्ष या तीन गोष्टींची जी गुंतागुंत आपण साठ वर्षे सोडवत बसलो आहोत, तीच तिथे दुसऱ्या कपड्यांत उभी आहे. आपल्या घरातला गुंता आपल्याला दिसत नाही. शेजाऱ्याच्या घरातला लगेच दिसतो. म्हणून आज शेजारी जाऊ.

उधन्याहून एक रेल्वेवाट फुटते. ती तापीच्या खोऱ्यातून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत जळगावला जाते. या वाटेने खानदेशातला शेतकरी आणि शेतमजूर सुरतेला गेला. पाऊस दडी मारून बसला, विहीर आटली, सावकाराचे देणे डोक्यावर चढले, की माणूस गाठोडे बांधून गाडीत बसायचा आणि उधन्याला उतरायचा. तिथे यंत्रमाग होते. बारा बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट आणि मीटरवर मिळणारी मजुरी. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्या अशा गाठोड्यांतून उभ्या राहिल्या. खानदेशी मराठी माणसाच्या शेजारी ओडिशातल्या गंजामचा विणकर आला, तेलुगू पद्मशाली आला, उत्तर प्रदेश-बिहारचा भैया आला. श्रावणात इकडे कानबाईची मिरवणूक निघते, तर आषाढात तिकडे उडिया लोक जगन्नाथाचा रथ ओढतात. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. एका शहराच्या पालिकेने सात भाषांत पाटी-पेन्सिल द्यावी, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या सत्ताधाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन ती पाहावी.

याच वाटेवर नवापूरचे स्थानक आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे. त्याच्या अर्ध्यावर महाराष्ट्र लिहिले आहे, अर्ध्यावर गुजरात. स्थानक बांधले तेव्हा ही सीमा नव्हती. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि रेघ बाकाच्या मधून गेली. बाकावर बसणाऱ्याला मात्र त्या रेघेने ना टोचले, ना बोचले. गाडी यायची तेव्हा आली, जायची तेव्हा गेली.

आता तुम्ही म्हणाल, हे तर फार छान झाले. मग यात धडा कसला? धडा पुढे आहे.

त्या गाडीतून उधन्याला उतरलेला खानदेशी माणूस एकाच धर्माचा नव्हता. त्यात पाटील होते, कोळी होते, दलित होते, तसे मुसलमानही होते. एका तालुक्यातले, एका दुष्काळाने हाकललेले, एकाच मागावर दिवसपाळी-रातपाळी करणारे. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत मशीद पडली आणि सुरतेत आगडोंब उसळला. दीडशेहून अधिक माणसे मेली. बायकांवर जे अत्याचार झाले, ते लिहायला लेखणी धजत नाही. त्या आगीची धग सर्वांत जास्त लागली ती यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांना. काल ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली, त्याच्याच दारावर आज धोंडा! मागाच्या मालकाने पाळीचे तास कमी केले नव्हते, मीटरचा भाव वाढवला नव्हता, घराचे भाडे उतरले नव्हते. यातल्या एकाही गोष्टीसाठी हे कामगार इतक्या त्वेषाने एकत्र रस्त्यावर आले नव्हते. पण धर्माच्या नावाने हाक आली आणि दुष्काळाने बांधलेली सोयरीक एका रात्रीत तुटली.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, त्याच सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो माणसे शहर सोडून पळाली. प्लेगने कोणाला विचारले नाही की बाबा, तू देवळात जातोस की मशिदीत. साथ आली ती तुंबलेल्या गटारांतून, कुजलेल्या कचऱ्यातून. आणि १९९५ साली एस. आर. राव नावाचा एक आयुक्त आला. त्याने झाडू, गटार आणि दंडाची पावती एवढ्याच हत्यारांनी शहराचा चेहरामोहरा बदलला. गटार साफ करायला त्याला कोणत्याही धर्माची शपथ घ्यावी लागली नाही. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. माग बंद, मजुरी बंद, खानावळी बंद. गावी जाऊ द्या म्हणत सुरतेतले मजूर रस्त्यावर उतरले. भूक सर्वांना सारखी लागली होती. त्या दिवशी त्यांचा धर्म एकच होता.

आता पक्षाकडे या. उधना विधानसभा मतदारसंघ नवसारी लोकसभा मतदारसंघात येतो. तिथून सी. आर. पाटील २००९ पासून लागोपाठ चार वेळा खासदार झाले. ते जन्माने जळगाव जिल्ह्यातले. गुजरातेत भारतीय जनता पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, २०२४ साली केंद्रात मंत्री झाले. शेजारच्या लिंबायतमधून संगीता पाटील २०१२ पासून आमदार आहेत. मराठी आडनावाचा माणूस गुजरातेत पक्षाचा प्रमुख होतो, ही भारताच्या मोठेपणाची खूण आहे, आणि ती आम्ही मोकळ्या मनाने मानतो. राज्याची सीमा माणसाची वाट अडवत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु आमचा दुसरा प्रश्न उरतोच. आडनाव ओळखीचे म्हणून मागावरच्या माणसाची पाळी बारा तासांची आठ तासांवर येते का? मराठी शाळेतल्या पोराला प्राथमिक शाळेनंतर पुढे काय, याचे उत्तर त्याने मिळते का? आडनाव असो, देव असो, झेंडा असो; त्यांच्याकडे पाहून दिलेले मत निवडून येणाऱ्याला मोकळे सोडते. त्याने तुम्हाला काही कबूल केलेले नसते. त्यामुळे त्याने काही मोडलेलेही नसते.

वाचकहो, इथवर मान डोलावत वाचलेत ना? आता आरसा आपल्याकडे वळवू.

हे साप्ताहिक विलीनीकरणाच्या निष्ठेतून चालते. ती निष्ठा आम्ही लपवत नाही. गोव्याची मुळे मराठीत आहेत, आमच्या देवळांतले कीर्तन मराठीत, आमच्या आज्यांच्या ओव्या मराठीत, आमच्या पोरांची पहिली शाळा मराठीत, असे आम्ही मानत आलो. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि त्याच्या मित्रांना तीसपैकी सोळा जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला बारा. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कुळाचा पोर पाटी घेऊन शाळेत गेला, तो त्या राज्यात. हे ऋण कोणी विसरू नये.

मग १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आला. आमची खूण फूल, त्यांची दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. आपण ३४,०२१ मतांनी हरलो. त्या पराभवाची कारणे पन्नास वर्षे सांगितली जात आहेत: पाद्रींनी सांगितले, भाटकारांनी दरडावले, पैसा वाटला, दिल्लीने कट केला. यातले खरे किती, खोटे किती, यात आज शिरण्यात अर्थ नाही. पण साधे गणित करा. त्या काळी गोव्यात हिंदूंची वस्ती साठ टक्क्यांच्या आसपास होती. विलीनीकरणाला मते मिळाली शंभरात पंचेचाळीसहून थोडी कमी. म्हणजे प्रत्येक हिंदू विलीनीकरणाच्या बाजूला असता तर फूल जिंकलेच असते. ते जिंकले नाही. याचा अर्थ हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारला. आणि याच मतदाराने अडीच महिन्यांत, मार्च १९६७ च्या निवडणुकीत, भाऊसाहेबांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले! म्हणजे त्याला भाऊसाहेब हवे होते, कसेल त्याची जमीन हवी होती, शाळा हवी होती. पण आपले घर दुसऱ्याच्या दप्तरात नोंदवायचे नव्हते. तो मतदार आपल्यापेक्षा शहाणा होता. त्याने दोन प्रश्न वेगवेगळे ओळखले. आपण मात्र ते एका माळेत ओवले.

आमची चूक कोठे झाली, ते आज स्पष्ट लिहितो. विलीनीकरणाचा प्रश्न भाषेचा आणि कारभाराचा होता. आपल्या काही व्यासपीठांवरून तो हिंदू विरुद्ध क्रिस्तांव असा मांडला गेला. पलीकडच्या काहींनीही तेच केले. त्यांना ते सोयीचेच होते. देऊळ फुलाकडे, इगर्ज दोन पानांकडे, अशी वाटणी झाली. ज्या दिवशी ही वाटणी झाली, त्या दिवशी सासष्टीतला क्रिस्तांव कूळ आणि पेडण्यातला हिंदू कूळ हे एकमेकांचे विरोधक ठरले. वास्तविक दोघांच्याही मानेवर भाटकारच बसला होता. भाटकारांत हिंदू होते, क्रिस्तांवही होते. खंड मागताना त्यांच्यात काडीचा फरक नव्हता.

दुसरी चूक कोकणीची. उधन्याचा खानदेशी माणूस घरात अहिराणी बोलतो आणि पोराला मराठी शाळेत घालतो. त्याच्या अहिराणीला कोणी हिणवले तर तो मराठीवर रुसणार नाही का? आपण मात्र कोकणीला बोली म्हणून खाली बसवले. खारवी बाईच्या तोंडची भाषा, तिच्या लेकराला गप्प करायची भाषा, ती अडाणी म्हणून हिणवली. १९८५-८६ च्या आंदोलनात त्याचा राग रस्त्यावर आला, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषेचा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. १९९२ साली कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. मराठीसाठी आपण आजही भांडू, हक्काने भांडू. पण आईला मान मिळावा म्हणून मावशीला घराबाहेर काढायचे नसते.

आणि आता बघा, धर्म बाजूला ठेवून जेव्हा आपण उभे राहिलो, तेव्हा काय मिळाले.

१९७६ साली शशिकलाताई काकोडकरांच्या राज्यात कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली. कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. त्याआधी १९७५ साली मुंडकारांचा कायदा झाला. त्या कायद्यांत कोठे लिहिले आहे का की हिंदू कूळ आणि क्रिस्तांव कूळ? नाही. दिवाडीचा असो की डिचोलीचा, कसतो तो कूळ, राहतो तो मुंडकार. कायदा धर्म विसरला म्हणूनच तो आपल्या उपयोगी पडला. पुढे २०१४ साली कुळा-मुंडकारांचे दावे मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयात नेण्याची दुरुस्ती आली. तेव्हा कपाळाला हात लावणाऱ्यांत गंध लावलेली कपाळे होती आणि खुरीस काढणारे हातही होते.

समुद्राचेही तेच. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले. किनाऱ्याला येऊन मासळी खरवडून नेऊ लागले. रापण रिकामी येऊ लागली. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी रापणकारांचा लढा उभा केला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात मारामाऱ्या झाल्या. रापणकारांत क्रिस्तांव खारवी होते तसे हिंदू खारवीही होते. ट्रॉलरच्या मालकांतही दोन्ही होते. म्हणून तिथे भांडण धर्माचे होऊ शकले नाही. ते पोटाचेच राहिले. अखेर १९८० साली सागरी मासेमारीचा कायदा झाला आणि किनाऱ्याजवळचे पाणी लहान मच्छीमारासाठी राखले गेले. कायदा किती पाळला जातो, ते तुम्हाला आमच्याहून अधिक ठाऊक आहे. २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर दिवाळी दिसते, ती कोणाची, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

विलीनीकरणवादी म्हणून एक कडू गोष्टही सांगतो. मालवणचा पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करतो आहे की गोव्याच्या आणि कर्नाटकाच्या यांत्रिक नौका येऊन आमचे पाणी लुटतात. तो मालवणचा माणूस मराठी, हिंदू, आपलाच सोयरा. त्याला लुटणाऱ्या नौकांत आपल्यातल्याही नौका आहेत. इथे आपली भाषेची आपुलकी कोठे गेली? महाराष्ट्राशी नाते सांगायचे तर ते आधी मालवणच्या रापणकाराशी सांगा. त्याच्या जाळ्यातला बांगडा वाचवला, तर ते नाते दहा ठरावांपेक्षा पक्के होईल.

पक्षांची गोष्ट काय सांगावी! २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेले. पक्ष सोडणार नाही, अशा शपथा घ्यायला लावल्या. तिन्ही धर्म साक्षीला! त्याच वर्षी १४ सप्टेंबरला अकरापैकी आठ आमदार भारतीय जनता पक्षात गेले. २०१९ सालीही काँग्रेसचे दहा आमदार असेच गेले होते, आणि त्याच वर्षी आपल्या मगोच्या तिघांपैकी दोघे गेले. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपली तीन बोटे आपल्याकडे आहेत, हे ध्यानात ठेवा. शपथ देवीपुढे घेतली, पण देवीने काही कोणाचा हात धरला नाही. देव हा उमेदवाराचा जामीन नसतो. जामीन तुम्ही आहात. तुम्ही जाब विचारला नाही, तर देवाने का विचारावा?

आमचे म्हणणे चुकीचे ऐकू नका. धर्म सोडा, असे आम्ही सांगत नाही. धर्म हा गोवेकराच्या घराचा उंबरठा आहे. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या बहिणी, असे मानणारे आपण लोक. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातो, त्याला कोणी अडवत नाही. हा शहाणपणा कोणत्याही पक्षाने आपल्याला शिकवलेला नाही. आपल्या आजा-पणज्यांनी तो जुलमाच्या काळातून जपून आणला. धर्म देवळात, इगर्जीत, मशिदीत शोभतो. तो मतपेटीत घातला की त्याचा देव राहत नाही, एजंट होतो.

तुमच्यातल्या खाजन कसणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. खाजनाचा बांध एकट्याचा नसतो. भरतीचे पाणी अडवायला मानस वेळेवर उघडावी-मिटावी लागते, बांधावर चिखल सर्वांनी घालावा लागतो. कोणी म्हणाला, माझ्या धर्माच्या शेतापुरता बांध मी घालतो, तर गाव त्याला हसेल. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरताना सातबारा वाचत नाही. ते सगळ्यांचे भात जाळते. समाज म्हणजे असाच एक बांध आहे. उधन्यात १९९२ साली तो फुटला. आपल्याकडे १९६७ आणि १९८६ साली त्याला भगदाड पडले. चिखल घालून आपण ते बुजवले, पण जागा कच्ची राहिली आहे. प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी नेमका तिथेच कुदळ घेऊन येतो.

म्हणून पुढच्या वेळी मते मागायला माणूस दारात आला, की त्याला पाट द्या, पाणी द्या आणि चार प्रश्न विचारा. कुळाचा दावा किती वर्षे पडून आहे, तो निकाली कधी काढणार? खाजनाच्या बांधाला पैसा कोठून आणणार? किनाऱ्याजवळचा ट्रॉलर आणि रात्रीचे दिवे कोण बंद करणार? वाड्यावरची मराठी शाळा, कोकणी शाळा, दोन्ही चालू राहतील याची हमी काय? तो उत्तरादाखल देवाचे नाव घेऊ लागला, तर त्याला नम्रपणे देवळाची वाट दाखवा. तिथे जायला मत लागत नाही.

विलीनीकरण नकाशावर झाले नाही. ते आता होईल, असे सांगून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. पण एक विलीनीकरण अजून आपल्या हातात आहे. पेडण्याचा कूळ आणि सासष्टीचा कूळ, बेतूलचा खारवी आणि मालवणचा गाबीत, यांच्या दुःखांचे विलीनीकरण. त्याला कौल घ्यावा लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. उधन्याच्या मागावर खानदेशी, उडिया आणि तेलुगू माणूस रोज एकाच खडखडाटात उभा असतो. त्यांना ते विलीनीकरण एका डिसेंबरात गमवावे लागले. आपल्याकडे ते अजून पुरते गेलेले नाही.

बांध आपलाच आहे. भरती येण्याआधी चिखल घाला.